साथीला शिवणयंत्र

माझ्या सासूबाई, मथुराबाई रिसबूड, पहिल्यांदा रंगमंचावर बसल्या तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्याआधी त्यांचा आणि संगीताचा संबंध एवढाच, की रेडिओवर गाणं रंगात आलं की त्या आतून ओरडायच्या, "जरा बारीक कर गं. मशीनचा आवाज ऐकू येत नाही."

शिवणाऱ्या माणसाला मशीनचा आवाज ऐकावा लागतो. दोरा सैल पडला, सुई बोथट झाली, टाका सुटला, हे सगळं त्यांना आधी कानांना कळायचं आणि मग डोळ्यांना.

त्यांचं माहेर सासवडचं. लग्न होऊन त्या पुण्यात शुक्रवार पेठेत आल्या, दोन खोल्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात. माझे सासरे शाळेत कारकून होते. बायकोला शिवणाची आवड म्हणून त्यांनी हौसेनं पायाचं मशीन आणलं, आणि दिगंबर, म्हणजे माझे यजमान, चौथीत असताना ते अचानक गेले. हौसेचं मशीन पुढच्या महिन्यापासून पोटापाण्याचं झालं. पेठेतल्या मुलींचे परकर, बायकांची पोलकी, शाळांचे गणवेश असं शिवत आईंनी मुलाला बी.कॉम. केलं. त्या दिवसांबद्दल त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. उलट सांगायला लागल्या की त्यांना हसूच यायचं, कारण त्यांना आठवायची ती गिऱ्हाइकं. एक बाई पोलकं घट्ट झालं म्हणून भांडायला आल्या. आई म्हणाल्या, "पोलकं मापाचंच आहे. माप तुम्ही श्रावणात दिलं होतंत, घालून बघताय दिवाळीनंतर."

एकाहत्तर साली आम्ही कोथरूडच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो. तेव्हा पुणं संपलं की कोथरूड लागायचं. आमच्या गॅलरीतून ज्वारीचं रान दिसायचं, आणि पेठेतले लोक भेटले की "येता का कधी पुण्यात?" असं विचारायचे. आईंची गिऱ्हाइकं तिकडेच राहिली. रिकामं बसणं त्यांना जमेना. त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला कपडे शिवले. रेडिओला झालरीचं आवरण, पाण्याच्या पिंपाला टोपी, छत्रीला पिशवी, त्या पिशवीला आणखी एक मोठी पिशवी. माझ्या गिटारलाही त्यांनी जाड कापडाचा अंगरखा शिवला होता, खिशासकट.

माझी गिटार हवाईयन. ही मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून घसरत नेला की सूर गळ्यातून निघाल्यासारखा एकातून दुसऱ्यात वाहत जातो. लग्नाआधी मी क्लास लावून शिकले होते. नोकरी कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे गिटारच्या तारांखाली आवाज टिपणारा पिकअप बसवून ती रेडिओच्या मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला जोडणं मला अवघड नव्हतं. संध्याकाळी घरी आले की सतरंजी टाकून तासभर वाजवायचे. आई शेजारी त्यांचं काही शिवत असायच्या. मी त्यांना आवडतं का विचारलं तर म्हणायच्या, "त्रास होत नाही."

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात एका मैत्रिणीकडे मी परदेशी वाद्यवृंदाची एक तबकडी ऐकली. तीत गिटारचा आवाज थरथरत होता. सूर जागेवर स्थिर, पण आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होत होता, तळ्यातल्या पाण्यावर दिव्याचा उजेड हलावा तसा. हाताच्या थरथरीनं असं होत नाही, तिनं सूरच हलतो. मी चौकशी केली तेव्हा कळलं, याला ट्रेमोलो म्हणतात, आणि तो पायानं चालू-बंद करायच्या एका लहानशा पेटीतून निघतो. पेटी परदेशात मिळते. इथे बसून ती हवी असेल तर स्वतः करायची.

बुधवार पेठेत यज्ञेश्वर शाळिग्राम यांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. प्रयोगशाळेचं सामान मी तिथूनच आणायचे. मी काय हवं ते सांगितलं.

शाळिग्राम चष्म्यावरून बघत म्हणाले, "चांगला आवाज येतोय गिटारचा?"

"येतोय."

"मग तो बिघडवायचा कशाला?"

"बिघडवायचा नाही हो, हलवायचा आहे."

"आमच्याकडे लोक हलणारा आवाज स्थिर करायला येतात," ते म्हणाले. पण मनातून त्यांना मजा वाटली असावी, कारण त्यांनी पुडीच्या कागदाच्या पाठीवर लगेच आकृती काढायला घेतली.

दोन वाटा होत्या. पहिलीत एका ट्रान्झिस्टरचं मंद झुलणारं सर्किट करायचं आणि त्या झोक्यानं गिटारचा आवाज वाढवणाऱ्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरला कधी ढिलं सोडायचं, कधी आवळायचं. भाग थोडे, जागा लहान. दुसरी वाट उजेडाची. एलडीआर नावाची एक करंगळीच्या नखाएवढी चकती मिळते. तिच्यावर उजेड पडला की वीज सहज जाते, अंधार झाला की अडते. गिटारचा आवाज त्या चकतीतून न्यायचा आणि तिच्यासमोर एक दिवा लुकलुकता ठेवायचा. गिटारची तार वेगळी, दिव्याची वेगळी, दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही.

"पहिलं करा," शाळिग्राम म्हणाले. "सुटसुटीत आहे."

मी पहिलं केलं. गणपतीनंतरचे सगळे रविवार त्यात गेले. सर्किट झुलायला लागलं, आवाजही हलला, पण प्रत्येक झोक्याबरोबर स्पीकरमधून एक दबका धपका ऐकू येऊ लागला. धप, धप, धप. मी कपॅसिटर बदलले, तारा लांब-आखूड केल्या. धपका बारीक झाला, गेला मात्र नाही.

आतून आईंनी विचारलं, "शेजारी कणीक तिंबतायत का गं?"

दिगंबर वर्तमानपत्रामागे हसले आणि मी पहिली वाट सोडली.

दिवाळीनंतर दुसरी धरली. आईंच्या बटणांच्या डब्यांतला एक पत्र्याचा डबा मागून घेतला, आतून काळा केला, एका टोकाला टॉर्चचा बल्ब, दुसऱ्या टोकाला चकती. या वेळी धपका अजिबात नव्हता. आवाज लोण्यासारखा. पण बल्ब आळशी निघाला. सावकाश लुकलुकवला तर ठीक. वेग वाढवला की त्याची तार विझायच्या आतच पुन्हा तापायची आणि तो नुसता अर्धवट जळत राहायचा. मला हवा होता तो वेग आला की कंप गायब.

एका शनिवारी दुपारी मी कंटाळून बल्ब काढून टाकला. डबा उघडाच सतरंजीवर पडला होता, चकती गॅलरीच्या दाराकडे तोंड करून. डिसेंबरचं ऊन तिरपं होऊन घरात आलं होतं. दार आणि सतरंजी यांच्या मधे आईंचं मशीन, आणि आई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होत्या. डब्याची जोडणी काढायचाही कंटाळा आला म्हणून मी तशीच गिटार मांडीवर घेतली आणि एक सूर लावला.

सूर थरथरला.

मी हात उचलला. बल्ब नव्हता, सर्किटची बॅटरी सुटी पडली होती. पुन्हा तार छेडली. सरळ, साधा आवाज. तिसऱ्यांदा छेडली, आणि पुन्हा तो आवाज, तबकडीतला, तसाच, पाण्यावरच्या उजेडासारखा.

"अहो, इकडे या," मी दिगंबरना हाक मारली. "कुठेतरी सांधा सुटलाय बहुतेक."

ते येऊन तारा हलवून बघू लागले. मी एकच सूर लावून धरत होते. कधी थरथरायचा, कधी नाही. दिगंबरनी रेडिओ हलवला, भिंतीवरचा प्लग दाबला. मग मला दिसलं. सतरंजीवर, डब्याच्या तोंडाशी, मशीनच्या खालच्या मोठ्या चाकाच्या सावल्या पळत होत्या. ऊन चाकाच्या आऱ्यांमधून येत होतं.

"आई, थांबा जरा."

आईंनी पाय थांबवला. सूर सरळ झाला.

"आता चालवा."

त्यांनी चालवलं. सूर थरथरला.

"हळू करा. आता जोरात."

सूर त्यांच्या पायाबरोबर मंद झाला, भरभर झाला. मी हसायलाच लागले. आई मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "काय झालंय तुला? अभ्रा तिरका गेला माझा."

मी त्यांना उठवून सतरंजीवर बसवलं, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, स्वतः मशीनवर बसून पाय मारला आणि त्यांना तार छेडायला सांगितली. त्यांनी भीतभीत, एका बोटानं छेडली. आवाज त्यांच्या मांडीवरून थरथरत निघाला. आईंनी झटकन बोट मागे घेतलं, मग पुन्हा छेडलं, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "हे माझ्या मशीननं केलं?"

"तुमच्या चाकानं."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी अभ्रे पुरे झाले नाहीत.

आता तिसरी वाट सापडली होती, पण ती घ्यायची का हे ठरायचं होतं. दिगंबरना पटेना. "उजेड अडवायला काहीतरी फिरतं हवं, एवढंच ना? त्यासाठी आईला कशाला दमवायचं? टेबल फॅन आहे की." त्यांनी हौसेनं फॅनच्या एका बाजूला टॉर्च धरला, दुसऱ्या बाजूला डबा ठेवला आणि बटण दाबलं. गिटारमधून बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज आला. फॅनची पाती इतकी जलद फिरत होती की कंपाची गुणगुण झाली. शिवाय माझे सुरांचे कागद उडून गॅलरीतून थेट ज्वारीत गेले. दिगंबर ते गोळा करायला खाली उतरले, आणि निर्णय तिथेच झाला.

पुढचे पंधरा दिवस घरात जो आनंद होता तो मला आजही सांगता येत नाही. उन्हाच्या भरवशावर राहता येणार नाही म्हणून चाकाच्या एका अंगाला टॉर्चचा बल्ब बसवला, सतत जळणारा, त्यामुळे त्याच्या आळसाचा प्रश्न उरला नाही. दुसऱ्या अंगाला चकती, काळ्या कापडाच्या बुरख्यात. नुसत्या आऱ्यांनी उजेड पुरेसा अडत नव्हता, म्हणून चाकावर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची तबकडी बसवायचं ठरलं, खिडक्या कापलेली. मी चौकोनी खिडक्या कापल्या. आवाज हलला खरा, पण तुटक तुटक, कुणीतरी रेडिओचं बटण पटापट चालू-बंद करतंय असा.

आई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. "कापल्यासारखं का येतंय?"

"उजेड एकदम येतो आणि एकदम जातो. हळूहळू यायला हवा."

"म्हणजे खिडकी सुरुवातीला अरुंद, मग रुंद, मग पुन्हा अरुंद?"

"हो."

त्यांनी कात्री मागितली. पोलक्याच्या कागदी कापांतून त्यांनी बाहीच्या मुंढ्याचा कागद काढला, तो एकदा असा आणि एकदा उलटा ठेवून पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवली. पिंपळाच्या पानासारखा आकार झाला. तशा चार खिडक्या त्यांनी कापल्या. मी गणितानं वक्र काढणार होते, कागदही घेतला होता. मग दोन्ही आकार करून पाहिले. माझा थोडा जास्त गुळगुळीत होता, त्यांचा थोडा जास्त गोड. आम्ही त्यांचा ठेवला, कारण वाजवायचं होतं, परीक्षा द्यायची नव्हती.

एक अडचण उरली होती. शिवायचं काही नाही म्हणून मी वरच्या चाकाकडे जाणारी चामड्याची वादी काढून ठेवली होती, नुसतं खालचं चाक फिरावं म्हणून. आईंचा पाय पळू लागला. "हे हलकं झालंय. माझ्या पायाला काम कळत नाही." वादी चढवली तरी त्या कुरकुरल्या. शेवटी सुईखाली कापड घातलं तेव्हा पाय बरोबर पडला. म्हणजे मी वाजवणार आणि त्या खरोखरच शिवणार. त्यांनी मशीनला इतकं तेल पाजलं की त्याचा आवाज मांजराच्या घुरघुरण्याएवढा उरला.

सराव सुरू झाला आणि मला एक नवीनच बाई दिसू लागल्या. संध्याकाळी मी चहा घेतेय तोवर त्या मशीनवर बसून तयार. "आज ते संथ आधी घे. काल तू शेवटी घाई केलीस." पहिले काही दिवस मी सांगायचे आणि त्या पाय कमी-जास्त करायच्या. नंतर त्या माझ्या सांगण्याची वाट बघेनाशा झाल्या, सरळ करायलाच लागल्या. मी सूर लांबवला की त्या पाय इतका सावकाश सोडायच्या की कंप श्वासासारखा लांब व्हायचा, आणि मी पुढचा सूर उचलायच्या अगदी आधी पुन्हा धरायच्या. कोणत्याही पेटीला हे जमलं नसतं. माझ्या हातांना गिटारवरून हलता येत नाही, त्यामुळे मलाही जमलं नसतं.

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेच्या हॉलमध्ये व्हायचं, आणि त्याला जोडून एक तासाचा कार्यक्रम. त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताईंनी मला वाजवायला सांगितलं. मी आनंदानं घरी येऊन आईंना सांगितलं, "चौदा तारखेला आपला कार्यक्रम आहे."

आईंचा चेहरा उतरला. "हळदीकुंकवाला मी कशी येणार?"

सासरे गेल्यापासून त्या कुठल्याही हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. पेठेतल्या सगळ्या बायकांच्या वाणाच्या पिशव्या त्यांनी शिवल्या होत्या, पण त्या पोहोचवायच्या, दारातूनच, आणि परत यायचं. त्यांना कुणी येऊ नका म्हणालं नव्हतं. कुणी या असंही म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी कुसुमताईंकडे गेले आणि सांगितलं, माझी साथ सासूबाई करतात, त्यांच्याशिवाय कार्यक्रम होणार नाही. कुसुमताई मुख्याध्यापिका होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर घरी आल्या.

"मथुराबाई, तुम्ही काय वाजवता?" त्यांनी विचारलं.

"मी वाजवत नाही. मी शिवते."

"दाखवा."

आम्ही एक गत वाजवून दाखवली. कुसुमताई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. गत संपल्यावर त्यांनी वाकून चाक नीट बघितलं. मग म्हणाल्या, "मंडळाच्या फळ्यावर काय लिहू? गिटार, सौ. सरोजिनी रिसबूड. शिलाई मशीन, श्रीमती मथुराबाई रिसबूड?"

आई म्हणाल्या, "शिवणयंत्र लिहा. मराठी मंडळ आहे ना?"

म्हणजे त्या येणार होत्या.

मशीन हातगाडीवरून हॉलवर गेलं. दिगंबर एका बाजूनं गाडीला हात लावून, आई दुसऱ्या बाजूनं, चाकाला धक्का लागू नये म्हणून पदराचं टोक मधे घालून. हॉलमध्ये बायका जमल्या होत्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळाचा वास. रंगमंचावर मशीन चढताना बघून कुजबुज झाली. पहिल्या रांगेतल्या एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "शिवणकामाचं प्रात्यक्षिक आहे वाटतं. मी सुई-दोरा आणला नाही."

दाराशी दोघी जणी कुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. आईंना बघून त्या गोंधळल्या. आईंनीच त्यांची सुटका केली. "मी हळदीकुंकवाला आले नाहीये," त्या म्हणाल्या. "मी कामावर आले आहे." आणि ताठ चालत रंगमंचावर जाऊन बसल्या.

सुरुवातीला मी कंपाशिवाय एक भजन वाजवलं. बायकांनी ओळखीचं ऐकल्यासारख्या माना डोलावल्या. मग मी आईंकडे बघितलं. त्यांनी लाल कापडाची लांब पट्टी सुईखाली सरकवली, चष्मा नीट केला आणि पाय टाकला.

पहिलाच सूर थरथरत हॉलभर गेला आणि कुजबुज थांबली. मी दुसरा सूर घेतला. मागच्या रांगांतल्या बायका उठून उभ्या राहिल्या, आवाज कुठून येतोय ते बघायला. कुणाला मशीनचा संबंध कळला असेल, कुणाला नाही, पण आई पाय सावकाश करत गेल्या आणि सूर लांब, लांब होत थांबला तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच वेळी मशीनकडे वळल्या. त्यानंतर जे हसू फुटलं त्यात टाळ्या मिसळल्या.

तिसऱ्या गाण्यात वादी तुटली. मला एक फटका ऐकू आला आणि तिरक्या नजरेनं दिसलं, चामड्याची वादी सापासारखी खाली लोंबतेय. पण वादी वरचं चाक फिरवते, सुई चालवते. खालचं चाक थेट पायाशी जोडलेलं. ते फिरतच होतं. थांबलं होतं ते फक्त शिवण. आईंनी खाली एकदा बघितलं. लाल पट्टी सुईखालून सोडवून मांडीवर ठेवली. त्यांचे हात रिकामे झाले, बहुधा त्या मशीनवर बसल्या असताना पहिल्यांदाच. त्यांनी ते मशीनच्या फळीवर शांतपणे टेकवले.

आणि त्यांचा पाय पळू लागला. ओझं नव्हतं, कापड नव्हतं. घरी याच हलकेपणाची त्यांनी तक्रार केली होती, पण त्या दिवशी त्यांनी तो आवरला नाही. कंप भरभर झाला. मी वेग वाढवला. त्यांनी आणखी वाढवला. ठरवलेली लय केव्हाच मागे पडली होती. समोरच्या बायका टाळ्यांनी ठेका धरू लागल्या, ती सुई-दोऱ्यावाली बाई सगळ्यांत जोरात. मी आईंकडे बघितलं तर त्या हसत होत्या, दात दिसतील असं, सासवडच्या कुणा मुलीनं झोक्यावर हसावं तसं. कसाबसा मी शेवटचा सूर गाठला. त्यांनी पाय सोडून दिला आणि चाक आपोआप मंद होत गेलं, सूर त्याच्याबरोबर मोठमोठ्या लाटा घेत विरला.

कार्यक्रम संपल्यावर कुसुमताई स्वतः तिळगुळाची वाटी आणि वाण घेऊन रंगमंचावर आल्या आणि सगळ्यांच्या देखत ते आईंच्या हातात ठेवलं. आईंनी क्षणभर हात मागे घेतला, मग पुढे केला. वाण म्हणून छोटे बटवे होते. त्यांनी बटवा उलटा करून आतली शिवण बघितली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे मी शिवीन."

त्यांनी शिवलेही. पुढच्या संक्रांतीला बटवे त्यांचे होते आणि कार्यक्रम आमचा. त्या वर्षी सोसायटीतल्या आणखी तिघी जणी आल्या, ज्या कधी येत नसत. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही आपल्या मथुराबाईंचं ऐकायला आलोय. तबक घेऊन उभ्या असलेल्या मुलींनी आत या म्हटलं, तिळगूळ दिला, आणि त्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

मग आमंत्रणं येऊ लागली. गणेशोत्सव, वाचनालयाचा वर्धापनदिन, एकदा तर लग्नाचं स्वागत. मशीन टेंपोत चढवायचं, उतरवायचं, याची दिगंबरना सवय झाली. आई आमंत्रण देणाऱ्याला आधी विचारायच्या, "जमीन सपाट आहे ना? मशीन डगमगलं तर सूर लंगडतो."

दोनेक वर्षांनी शाळिग्राम स्वतः आमच्याकडे आले. त्यांना हे सगळं ऐकून चैन पडत नव्हतं. त्यांनी खपून नवीन पेटी केली होती. ट्रान्झिस्टरचं सर्किट आणि बल्बऐवजी नुकताच बाजारात आलेला लाल बारीक दिवा, जो क्षणात विझतो, क्षणात लागतो. धपका नाही, आळस नाही, वेग हवा तेवढा. पिशवीत मावेल एवढी पेटी, पायाखाली बटण. मी वाजवून बघितलं. आवाज सुरेख होता. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा स्वच्छ.

शाळिग्रामांनी आईंना विचारलं, "कसं वाटतं, मथुराबाई?"

"छान केलंत," आई म्हणाल्या. त्यांनी पेटी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "हे हिचं वाजवणं ऐकतं का?"

"नाही. एकदा वेग लावला की तोच."

"मग हिलाच त्याचं ऐकावं लागणार." त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. "गावाला जाताना ने. टेंपो वाचेल."

आम्ही तेच केलं. बाहेरगावी पेटी आणि पुण्यात मशीन. शाळिग्राम पुढे आमच्या पुण्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, बल्ब आणि बॅटरी खिशात घेऊन, न सांगता.

अठ्ठ्याहत्तर साली एका मंडळानं आईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, दोन शब्द बोला असा आग्रह. आईंनी माइकसमोर उभं राहून एवढंच सांगितलं, "मला गाण्यातलं अजूनही कळत नाही. पाय मात्र चांगला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. पुढची भाषणं चालू असताना त्या शालीचा काठ बोटांत धरून बघत होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काठ नुसता दुमडलाय. एका धुण्यात सुटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती शाल मशीनवर होती, काठ उसवलेला, आणि आई सुईत दोरा ओवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "उठलीस ना, मग गिटार घे. एवढा लांब काठ आहे, फुकट कशाला घालवायचा?"